मलकप्पाण्णा आणि चार नंबरची खरखर

मलकप्पाण्णांच्या खांद्याला कायम एक रेडिओ लटकलेला असे, आणि त्या रेडिओवर गाणं लागलेलं आमच्या कारखान्यात कुणीही कधी ऐकलेलं नव्हतं. बातम्या नाहीत, भजन नाही, क्रिकेटसुद्धा नाही. ते काटा मुद्दाम अशा जागी आणून ठेवत की जिथे कुठलंच केंद्र लागत नाही. मग आवाज पूर्ण वाढवत आणि ते नुसतं श्श्श् कानाशी धरून यंत्रांमधून हिंडत. मधेच कुठेतरी त्या श्श्श् मधून खरखर उमटे. मग अण्णा थांबत, एक पाऊल मागे जात, दोन पावलं पुढे येत, रेडिओ वर-खाली करत आणि भिंतीवरच्या एखाद्या पेटीकडे बोट दाखवून म्हणत, "हितं हाय."

मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात सहानुभूतीने त्यांना विचारलं होतं, अण्णा, स्टेशन लागत नाही का?

"लागतंय की," ते म्हणाले. "म्हणून तर हितं आणून ठिवलंय."

रेडिओचा उपयोग काहीतरी ऐकण्यासाठी नसून काय ऐकू येऊ नये हे शोधण्यासाठीही होतो, हे समजायला मला पुढे दोन वर्षं लागली.

चिंचोळी एमआयडीसीतला आमचा कारखाना टॉवेलचा. 'आमचा टॉवेल जगभर' असं प्रवेशद्वारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. ज्याने ते रंगवलं तो जुळे सोलापुरात माझ्या मागच्या गल्लीत राहतो आणि जगाचा त्याचा अनुभव तुळजापूरपर्यंतचा आहे. मी तिथल्या प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मी. रंगवून आलेलं सूत त्या दिव्याखाली धरायचं आणि मूळ नमुन्याशी छटा जुळते की नाही ते सांगायचं. अण्णा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. रंगाच्या मोठमोठ्या भांड्यांमध्ये किती उष्णता आहे ते सांगणारे जे सेन्सर असतात, त्यांची देखभाल त्यांच्याकडे.

अण्णा मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावचे. घरची भाषा कन्नड, शाळा कन्नड, मराठी कारखान्यात येऊन शिकलेली. खरखर सापडली की ते त्या पेटीवर हात ठेवून "सुम्मनिरू" म्हणत. म्हणजे गप्प बस. हा शब्द ते वायरीला, मोटरीला, आवारातल्या कुत्र्याला आणि पाठ फिरल्यानंतर प्रॉडक्शन मॅनेजरना सारख्याच मायेने वापरत.

सेन्सरचं खरं नाव थर्मोकपल. रंगखात्यात त्याचं 'कपल' झालं होतं. दोन नंबरचं कपल तुटलं, सहा नंबरच्या कपलमध्ये पाणी शिरलं, असलं बोलणं ऐकून नव्या माणसाला कारखान्याच्या नीतिमत्तेविषयी काळजी वाटे. अण्णांना मात्र हे नाव पटलेलं होतं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला एकमेकींना जोडलेल्या. ते टोक तापलं की त्यांच्यात इवलासा विजेचा दाब तयार होतो, आणि तो मोजला की तापमान कळतं. एवढंच त्याचं शास्त्र. अण्णा ते असं सांगत: "दोगं येगळ्या धातूचं हाईत म्हणून बोलत्यात. एकाच धातूचं असतं तर घुम्यावानी बसलं असतं."

अडचण एवढीच की ही जोडी बोलते फार बारीक आवाजात. व्होल्टचा हजारावा हिस्सा, कधी त्याहून कमी. आणि आजूबाजूला सगळे आरडाओरडा करणारे: पंपांच्या मोटरी, वेल्डिंग, पंखे, दिवे. त्यांचा गोंगाट शेजारच्या तारेत उतरतो आणि खरं बोलणं त्यात बुडतं. अण्णांचं उभं आयुष्य हे बारीक बोलणं वाचवण्यात गेलं होतं. विशेषतः जोडापाशी, म्हणजे सेन्सरची वायर जिथे प्लगने भांड्याला जोडली जाते तिथे. "वायर कुटंबी नीट जाती," ते म्हणत. "इज्जत जाती ती जोडापाशी."

त्यांचे नियम होते आणि ते कारखान्याच्या कुठल्याही पाटीवर लिहिलेले नव्हते. प्लगच्या पिना तारांच्याच धातूच्या हव्यात, दुसरा धातू मधे आला की चुगली होते. तारांना पीळ हवा. मोटरीची वायर आणि सेन्सरची वायर शेजारी शेजारी झोपवायची नाही, ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडायची. आणि सगळ्यात मोठा नियम जाळीचा. सेन्सरच्या वायरीवर बारीक तारांची विणलेली जाळी असते. बाहेरची खरखर ती स्वतःच्या अंगावर घेते आणि जमिनीत नेऊन सोडते. ही जाळी जमिनीला एकाच टोकाला जोडायची, पॅनेलच्या बाजूला. दुसरं टोक मोकळं. दोन्ही टोकं जोडली तर दोन जमिनींच्या मधे जाळीतूनच करंट फिरायला लागतो, आणि राखणदारच आरडाओरडा करतो.

"जाळीला म्हायेर एकच," अण्णा म्हणत. "दोन म्हायेरं झाली की सारकी ये-जा. मग संसाराकडं कोन बगनार?"

हा सिद्धांत त्यांनी एकदा पॅकिंगमधल्या बायकांसमोर मांडला. त्यानंतर आठवडाभर त्यांना तिथून चहा मिळाला नाही.

माणसांचीही त्यांनी अशीच वाटणी केलेली होती. काही माणसं पॉवर, म्हणजे मोटरीची वायर; काही सिग्नल, म्हणजे सेन्सरची. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर नाईकसाहेब पॉवर. वॉचमन, विचित्र वाटेल, पण पॉवर. मला त्यांनी पहिल्या वर्षीच सांगून टाकलं होतं, "लॅबवाले, तुमी सिग्नल हाय. म्हणून तुमचं हितं कोन ऐकत न्हाय." ही माझी त्या कारखान्यातली एकमेव प्रशंसा.

आमच्या घराच्या वास्तुशांतीला मी त्यांना बोलावलं होतं. गुरुजींच्या माइकमधून सतत गुणगुण येत होती. लोक ती मंत्राचा भाग समजून ऐकत होते. अण्णा आले, चपला काढल्या, नमस्कार केला आणि थेट मांडवाच्या मागे गेले. दहा मिनिटांनी गुणगुण थांबली आणि त्याबरोबर अर्ध्या मांडवाचे दिवेही गेले. अण्णांचं म्हणणं असं की दिवे हा सजावटीचा भाग आहे, मंत्र महत्त्वाचे. माझ्या मेव्हण्याचं म्हणणं वेगळं होतं.

उन्हाळ्यात त्यांच्या अंगात येई. सोलापूरच्या माणसाला आपल्या उन्हाचा अभिमान असतो. बाहेरगावचा पाहुणा घाम पुसायला लागला की आम्हाला यजमान असल्यासारखं वाटतं. एका चौकात तापमान दाखवणारा विजेचा फळा लावला होता आणि मे महिन्यात तो जो आकडा दाखवी, त्याच्यासमोर उभे राहून लोक फोटो काढत. अण्णा त्या फळ्याखाली रेडिओ घेऊन अर्धा तास उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की यातली तीन डिग्री नुसती खरखर आहे, सेन्सरची वायर दिव्याच्या वायरीबरोबर एकाच नळीतून आणलीय. लोक भडकले. एकजण तर म्हणाला, अण्णा, तुमी पुन्याचं हाय का? सोलापुरात याहून मोठी शिवी नाही.

आपण केलेल्या प्रत्येक जोडाच्या मानेला अण्णा तांबड्या सुताचा एक तुकडा बांधत. टॉवेलाच्या काठाचं सूत, दोन वेढे, एक गाठ. ती त्यांची सही. तांबडं सूत दिसलं की तो जोड कुणी उघडायचा नाही असा अलिखित नियम होता. तो नियम अण्णांनीच केलेला असल्यामुळे त्याला अपवादही नव्हता.

चार नंबरच्या भांड्यावर दस्तगीरभाई. बावीस वर्षं तेच भांडं, तोच लाकडी पाट, तीच वाफ. माणूस अतिशय कमी बोलणारा, अण्णांच्या भाषेत शुद्ध सिग्नल. दुपारी दोघं चार नंबरच्या मागे दोन उलट्या पिंपांवर बसून जेवत. अण्णांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मुलगी लांब कर्नाटकात दिलेली. त्यामुळे त्यांच्या डब्यात रोज चित्रान्न, म्हणजे एकट्या माणसाला सकाळी घाईत जमतो तो भात. दस्तगीरभाईंच्या डब्यात शेंगाची चटणी, कांदा आणि कायम एक भाकरी जास्त. ती भाकरी रोज जास्त कशी येते याविषयी दोघांत कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. बोलणं असे ते एवढंच: आज पाण्याचा दाब कमी होता. व्हय, मोटर बगतो. यापुढे शांतता.

आता मूळ गोष्ट.

मागच्या वर्षी नाईकसाहेबांनी चार नंबरच्या पंपाला नवा ड्राइव्ह बसवला. ड्राइव्ह म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारी पेटी. वीज वाचते, हे खरं. पण आमच्याकडे कुठलीही पेटी नुसती बसत नाही. हार, नारळ, फीत, मग नाईकसाहेबांचं भाषण. त्यात 'डिजिटल क्रांती' हा शब्द अनेकदा आला. अण्णा मागे उभे होते. खांद्यावरच्या रेडिओचा आवाज त्यांनी भाषणापुरता बारीक केला होता, पण पेटी सुरू झाल्याबरोबर तो बारीक आवाजातही असा किंचाळला की फीत धरलेली मुलगी दचकली.

पंधरा दिवसांनी चार नंबरवरचा मरून रंगाचा पहिला लॉट बिघडला. ते मीच सांगितलं. दिव्याखाली धरलं तर मरूनच्या जागी वाळलेल्या विटेचा रंग. चार नंबरचा तापमानाचा आलेख काढला, तर सरळ रेषेच्या जागी करवतीचे दात. मध्येच आठ-दहा डिग्री वर उडी, मग खाली. आकडा वर गेला की यंत्र आपोआप वाफ बंद करतं, त्यामुळे आतलं पाणी मात्र थंड पडतं आणि रंग पुरता चढत नाही.

नाईकसाहेबांनी आलेख पाहिला आणि एका मिनिटात निकाल दिला. नवी पेटी चुकणार नाही, कारण तिचं उद्घाटन त्यांनी केलं होतं. तेव्हा दस्तगीरभाईच हाताने वाफेचा व्हॉल्व्ह उघडत असणार, काम लवकर उरकून घरी पळायला. दस्तगीरभाईंना पत्र मिळालं. आणखी दोन लॉट बिघडले तर भांड्यावरून काढून गोदामात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, बावीस वर्षं वाफेत उभं राहून रंग नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस, आणि त्याने आता पेट्यांवर शिक्के मारायचे.

दस्तगीरभाई माझ्या टेबलापाशी आले. माझ्याच अहवालाने त्यांना ते पत्र मिळालं होतं, हे त्यांना माहीत होतं. "साब, मैं वाल कू हात नै लगाया," एवढं म्हणाले आणि गेले. पुन्हा तो विषय काढला नाही. पाठीमागे अण्णा उभे होते. त्यांनी त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

मग पुण्याहून तज्ज्ञ आले. चाकांची बॅग, तिच्यात दुसरी बॅग. बैठकीच्या खोलीत पडद्यावर पहिलं चित्र स्वतः तज्ज्ञांचं होतं, हाताची घडी घातलेलं. पुढची चित्रं बाणांची. 'मानवी घटक' नावाच्या एका चौकोनाकडे सगळे बाण जात होते. तो चौकोन म्हणजे दस्तगीरभाई, हे कळायला मला जरा वेळ लागला. अण्णा दारापाशी होते. त्यांनी शांतपणे रेडिओ सुरू केला, भिंतीच्या कडेने टेबलाभोवती एक फेरी मारली आणि तज्ज्ञांच्या लॅपटॉपच्या चार्जरपाशी आल्यावर रेडिओने असा टाहो फोडला की भाषण थांबलं.

"साहेब, समद्यात जास्त खरखर हितंच हाय," अण्णा म्हणाले. हे त्यांनी विनोदाने म्हटलं नव्हतं. ते निदान होतं. नाईकसाहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं.

अण्णांनी स्वतःची तपासणी सुरू केली. सेन्सरची वायर ड्राइव्हच्या वायरीबरोबर एकाच ट्रेमधून जात होती, ती काढून लांबच्या भिंतीने नेली. पीळ नव्याने घातला. वायरीभोवती काळा मणी बसवला, तो वरची खरखर शोषून घेतो. प्रत्येक वेळी आलेखाचे दात थोडे बोथट होत, पण जात नसत. तेवढ्यात दुसरा लॉट बिघडला. तोही मीच सांगितला. छटा खोटी सांगता आली असती का, असा विचार एकदा माझ्या मनात आला. पण मरून टॉवेल बोलतो, माणूस बोलला नाही तरी.

तिसरा लॉट शुक्रवारी दुपारी लागणार होता. गुरुवारी मी अण्णांना विचारलं की सगळं उघडून बघितलं, पण भांड्यावरचा तो प्लग का नाही बघितला? त्याच्या मानेला तांबडं सूत होतं.

"त्यो माझा हाय," अण्णा म्हणाले. मी कुणाच्या चारित्र्याविषयी विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी नमुना घ्यायला चार नंबरकडे गेलो. दस्तगीरभाई पिंपावर बसले होते, डबा उघडा, जेवण तसंच. अण्णा भांड्यासमोर उभे होते. बराच वेळ ते त्या तांबड्या सुताकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून चाकू काढला, सूत कापलं, दोन स्क्रू सोडले आणि प्लगचं धातूचं झाकण उचललं.

मी वाकून पाहिलं. जाळीच्या तारा एकत्र पिळून, नीट मागे वळवून झाकणाच्या कडेखाली दाबलेल्या होत्या. झाकण भांड्याला लागलेलं, भांडं जमिनीला. जाळी दोन्ही टोकांना जोडलेली होती. काम इतकं सुबक होतं की ते घाईत झालं असेल असं वाटेना.

दस्तगीरभाईंना पिंपावरून काही दिसत नव्हतं. मी हळूच म्हणालो, अण्णा, कापून टाका. दोन मिनिटांचं काम. नवा ड्राइव्ह नव्हता तोवर हे कळलं नाही, आता कापलं की संपलं. कुणाला कळायचं नाही.

अण्णांनी झाकण परत लावलं. बिघाड आत तसाच ठेवून. स्क्रू आवळले.

"आन् दस्तगीरचं?" ते म्हणाले. "लाइन सरळ आली की साहेब म्हनतील, पत्र दिलं म्हणून सुदरला. जावा, साहेबास्नी घेऊन या."

नाईकसाहेब आले, तज्ज्ञही आले. अण्णांनी भांड्यात साधं पाणी घ्यायला लावलं. दस्तगीरभाईंना दारापाशी उभं केलं, भांड्यापासून वीस पावलं लांब, आणि हात पाठीमागे बांधायला सांगितले. दस्तगीरभाईंनी ते शाळेतल्या मुलासारखे बांधले. पंप बंद असताना पडद्यावर आकडा स्थिर होता. अण्णांनी पंप सुरू केला. आकडा नऊ डिग्री उडाला. बंद केला, खाली आला. पुन्हा सुरू, पुन्हा उडी. तीनदा. व्हॉल्व्हपाशी कुणी नव्हतं. सगळ्यांनी एकदा दारापाशी पाठीमागे हात बांधून उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं.

मग अण्णांनी सगळ्यांसमोर प्लग उघडला, जाळी दाखवली, ती कापली, टेप गुंडाळली, झाकण लावलं. पंप सुरू केला. आकडा जागचा हलला नाही. तज्ज्ञ जवळ येऊन म्हणाले की हे ग्राउंड लूप आहे, त्यांनीही अशी शक्यता धरली होती. ती कुठल्या चित्रात धरली होती हे मी विचारलं नाही.

नाईकसाहेबांनी विचारलं, हा जोड कुणी केला? ते विचारायची गरज नव्हती. कापलेलं तांबडं सूत जमिनीवर पडलेलं होतं.

"म्या," अण्णा म्हणाले.

कधी? दोन वर्षांमागं. मलकप्पा, तुमच्यासारख्या माणसानं? अण्णांनी चाकू मिटून खिशात ठेवला. एरवी एका वाक्याची चार करून सांगणारा माणूस, नुसता उभा राहिला. पॉवरसमोर सिग्नल गप्प बसतो तसा नव्हे. सांगायचं होतं, पण या माणसाला नव्हतं, असं काहीतरी.

दस्तगीरभाईंचं पत्र मागे घेण्यात आलं. पण फाइलमध्ये एक कागद जायला हवा होता, तो आता अण्णांच्या नावाचा जाणार होता. पाच वाजेपर्यंत लेखी खुलासा द्या. तज्ज्ञ बॅगेच्या चाकांचा आवाज करत निघून गेले. तिसरा लॉट लागला. दस्तगीरभाईंनी तो लावला.

साडेचारला अण्णा माझ्या टेबलाशी आले, हातात कोरा कागद. कचेरीचं मराठी त्यांना लिहिता येत नसे, अर्ज-बिर्ज मीच लिहून देत असे. त्यांच्यामागे दस्तगीरभाई. लॉट उतरवून आले होते, बाह्या अजून वर, कोपरापर्यंत मरून रंग. ते कशाला आले हे त्यांनी सांगितलं नाही.

मी 'महोदय' लिहिलं. यंत्र क्रमांक लिहिला. जोडणीत जाळी दोन्ही बाजूंस जोडली गेल्याचं लिहिलं. मग विचारलं, कारण काय लिहू?

"चुकून," अण्णा म्हणाले.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, अण्णा, मला हे लिहिता येणार नाही. जे तुम्ही मला, वॉचमनला, पॅकिंगमधल्या बायकांना शंभरदा सांगितलंय, ते तुमच्याच हातून चुकून कसं होईल? आत मी पाहिलंय. ते चुकून केलेलं काम नव्हतं.

अण्णा दिव्याकडे बघत राहिले. दस्तगीरभाई दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

"ह्याला झटका बसला हुता," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं, माझ्याकडे न बघता, तुटक तुटक. दोन वर्षांमागचा उन्हाळा. दस्तगीरभाईंनी भांडं धुताना ओल्या हाताने प्लगचं झाकण धरलं आणि त्यांचा हात उडाला. फार नाही. ते हसले, हात झटकला आणि कामाला लागले. अण्णा दहा पावलांवर होते. भांड्याला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजलेली निघाली. त्यांनी त्याच दिवशी नवी टाकली, मोजून बघितली. सगळं नीट होतं. काम तिथेच संपलं होतं.

"पुस्तकापरमानं भागत हुतं," ते म्हणाले. "पन मन भरंना. घरी गेलो, जेवान जाईना. ती पट्टी परत गंजली तर? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आलो आन् जाळीबी झाकणाला बांधली. एक वाट तुटली तर दुसरी असावी म्हटलं. नेम मोडतोय ते ठावं हुतं. त्या टायमाला खरखर न्हवती, म्हटलं, हितं कोन ओरडणार हाय. मग इसरून गेलो."

खोलीत दिव्याचा बारीक आवाज येत होता. मला तो त्या दिवसापर्यंत कधी ऐकू आला नव्हता.

"मेरेकू?" दस्तगीरभाई म्हणाले. "कब?"

"उन्हाळ्यात. चार नंबरवर. धुताना."

दस्तगीरभाईंनी आठवून पाहिलं. खरंच प्रयत्न केला त्यांनी. "मेरेकू तो याद बी नै, अण्णा."

"तुला नसंल," अण्णा म्हणाले.

पाच वाजत आले होते. मी पेन उचललं आणि खुलासा पुरा केला. 'सदर जोडणी माझ्याकडून अनवधानाने झाली असून याबद्दल मी दिलगीर आहे.' कागद त्यांना वाचून दाखवला. आयुष्यात मी इतकं खोटं वाक्य लिहिलेलं नाही, आणि इतकं व्याकरणशुद्धही.

"अनवधान म्हंजे काय वो?"

"लक्ष नव्हतं, असं."

अण्णांनी त्यावर जरा विचार केला. "चालतंय की," ते म्हणाले आणि कागद ओढून घेऊन खाली कन्नडमध्ये सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत.

दस्तगीरभाई अजून दारातच होते. मरून रंगाने माखलेला उजवा हात त्यांनी डोळ्यांसमोर धरला होता आणि तो उलटासुलटा करून बघत होते.